खुर्ची तीच, माणूस दुसरा

२२ जानेवारी २००७ ची रात्र. वार सोमवार. सोनपेठच्या आमच्या वस्तीत त्या दिवसांत भारनियमनाचा कहर होता. पण त्या रात्री नऊच्या सुमारास नेमकी लाइट होती. केबलची वायर ओढलेली घरे मोजकीच. त्यांतल्या एका घरी भाकरी-कालवण उरकून बायाबापड्या, पोरेसोरे दाटीवाटीने बसली होती. ‘कौन बनेगा करोडपती’ची ओळखीची धून वाजली, निळे दिवे फिरले आणि आत आले ते शाहरुख खान. शेजारच्या मामी म्हणाल्या, “ह्यो कशाला आला? बच्चन कुठं गेले?” पोरी खुदकन हसल्या. मामींना हसू आले नाही. पाच-दहा मिनिटे त्यांनी कळ काढली, मग पदर सावरून त्या उठल्या आणि घरी गेल्या.

मामींना अक्षरओळख नाही. हिंदी अर्धीमुर्धीच कळते. प्रश्नांची उत्तरे येण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरीही प्रश्न विचारणारा माणूस बदलला म्हणून त्या उठून गेल्या. हे आम्हांला तेव्हा वेडेपणाचे वाटले होते. गेल्या वर्षी आमच्याच वस्तीत, आमच्याच विहारापुढे, प्रश्न विचारणारा माणूस बदलण्याची वेळ आली तेव्हा मामींचे ते उठून जाणे आम्हांला पुन्हा आठवले. तो प्रसंग पुढे सांगूच. आधी त्या खुर्चीविषयी.

हा खेळ मुळात आपला नव्हे. इंग्लंडमध्ये तो १९९८ च्या सप्टेंबरात सुरू झाला. तिथे ख्रिस टॅरंट प्रश्न विचारीत. पुढे अनेक देशांनी तो साचा जसाच्या तसा घेतला. धून तीच, दिव्यांची उघडझाप तीच, समोरासमोरच्या दोन उंच खुर्च्या त्याच, अडलेल्याला तीन मदती मिळायच्या त्याही त्याच. आपल्याकडे ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर तो सुरू झाला. पंधरा प्रश्न, पहिला हजार रुपयांचा, शेवटचा एक कोटीचा. कार्यक्रमाची निर्मिती सिद्धार्थ बसू यांची. १९८५ साली दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ घेणारे तेच हे गृहस्थ. म्हणजे प्रश्न काढणारे वेगळे, पैसे देणारे वेगळे, साचा परदेशी. खुर्चीत बसणाऱ्याच्या हाती राहिले काय? समोरच्या माणसाशी बोलायचे कसे, एवढेच.

आणि तिथेच अमिताभ बच्चन यांनी लोकांना जिंकले. आलेल्या माणसाला ते हात जोडत. बाई असेल तर खुर्ची सावरून देत. समोर कलेक्टर असो की शिलाई मशीन चालवणारा असो, ‘आप’ म्हणत. उत्तर चुकले तर खजील करीत नसत, जिंकलेल्या रकमेचा चेक मानाने हाती देत. आता हे सगळे सिनेमातल्या माणसाचे कसब आहे, त्याचे त्यांना भरपूर पैसे मिळत होते, हे आम्हांला कळते. वस्तीतले आमचे काही तरुण मित्र तेव्हाही म्हणत, की कोट्यवधींच्या जाहिराती विकण्यासाठी ही सगळी अदब आहे. त्यात खोटे काही नाही. पण ज्या माउलीने उभ्या आयुष्यात चारचौघांत ‘ए बाई, तिकडं हो’ एवढेच ऐकले, तिला त्या अदबीचे मोल वेगळे वाटणारच. मामी एकदा म्हणाल्या होत्या, “त्यो मानसाला ‘बसा’ म्हणतो.” त्यांच्यापुरता सगळा कार्यक्रम त्या एका शब्दात होता.

त्याच २००० च्या ऑक्टोबरात मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मराठी तरुण! मग काय विचारता. सोनपेठच्या एसटीडी बूथवर पोरांची रांग लागू लागली, कारण नंबर लावायचा तर फोनच करावा लागे. आमच्या माहितीत कोणाचा नंबर लागला नाही. बूथवाल्याचे मात्र बरे चालले.

आमच्या वस्तीत यातून एक चांगली गोष्ट निघाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले आमचे एक गुरुजी. त्यांनी २००१ च्या भीमजयंतीला, १३ एप्रिलच्या रात्री, विहारापुढच्या मोकळ्या जागेत प्रश्नमंजुषा घेतली. दोन लोखंडी खुर्च्या, मध्ये शाळेचे टेबल, वर हॅलोजनचा दिवा. बक्षिसे म्हणजे वह्या, पेन, कंपासपेटी, आणि शेवटच्या प्रश्नाला शब्दकोश. वर्गणी घरटी दोन रुपये. ‘मूकनायक’ कोणत्या साली निघाले, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या तारखेला झाला, मिलिंद महाविद्यालय कोणत्या शहरात आहे, यांबरोबरच पाण्याचा उत्कलनांक किती आणि गोदावरी कोणत्या समुद्राला मिळते हेही प्रश्न असत. गुरुजी भुवया वर करून, आवाज खर्जात नेऊन विचारीत, “लॉक करू का?” आणि अख्खी वस्ती एका सुरात ओरडे, “करा!” ही प्रश्नमंजुषा कोरोनाची दोन वर्षे सोडली तर कधी चुकली नाही.

पुन्हा टीव्हीकडे वळू. २००५ च्या ऑगस्टमध्ये दुसरे पर्व सुरू झाले, बक्षीस दोन कोटींचे झाले. त्या वर्षाच्या अखेरीस बच्चन आजारी पडले, पोटाचे ऑपरेशन झाले आणि २००६ च्या सुरुवातीला कार्यक्रम अर्ध्यातच थांबला. वर्षभराने तिसरे पर्व आले ते शाहरुख खान यांना घेऊन.

आज मागे वळून पाहताना वाटते, की या माणसावर आमच्या लोकांनी अन्यायच केला. ते बच्चन यांची नक्कल करायला गेले नाहीत. थट्टामस्करी करीत, स्पर्धकांच्या गळ्यात पडत, घरच्या पोरासारखे वागत. तरुण मुलींना ते आवडतही होते, फक्त मोठ्यांपुढे त्या तसे बोलत नसत. शिवाय आमच्या भागाचे एक वेगळेच गणित. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ती परततात उन्हाळ्यात. ते पर्व २२ जानेवारीला सुरू होऊन १९ एप्रिलला संपले. म्हणजे वस्तीतल्या कितीतरी माणसांनी शाहरुख खान यांना त्या खुर्चीत पाहिलेच नाही. फडावर पाल ठोकून राहणाऱ्याला कुठला टीव्ही? तरी गावी परतल्यावर हीच माणसे पारावर बसून सांगू लागली, की “बच्चनची सर न्हाई!” न पाहताच निकाल. जुन्या माणसाची जागा घेणाऱ्याच्या नशिबी हे असते. तो चुकला तर चुकलाच, आणि बरोबर असला तरी तो ‘तो’ नसतो.

मध्यंतरी एक इंग्रजी सिनेमा आला, ‘स्लमडॉग मिलियनेर’. २००९ च्या फेब्रुवारीत त्याला आठ ऑस्कर मिळाले. त्यात याच खेळाच्या खुर्चीत अनिल कपूर यांनी साकारलेला सूत्रधार आहे. समोर बसलेल्या झोपडपट्टीतल्या पोराला तो सगळ्यांसमोर ‘चायवाला’ म्हणून हिणवतो आणि लोक हसतात. आमच्या वस्तीत तो सिनेमा सीडीवर पाहिला तेव्हा सिनेमातले गाणे-बिणे कोणाच्या लक्षात राहिले नाही. ते हसणे राहिले. खुर्ची तीच, धून तीच, नुसता माणूस बदलला तर त्याच खेळाचे काय होऊ शकते, हे त्यात दिसले.

११ ऑक्टोबर २०१० रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, बच्चन त्या खुर्चीत परतले. वाहिनी आता सोनी. २०११ च्या पर्वाचे घोषवाक्यच असे होते, की कोणताही माणूस लहान नसतो. आमच्या घरांतल्या भिंतींवर ज्यांचा फोटो आहे त्यांनी हे आधीच सांगितले होते, हे खरे. पण टीव्हीच्या जाहिरातीत ते ऐकताना बरे वाटले. त्याच पर्वात बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार यांनी पाच कोटी जिंकले. रोजगार हमीच्या कामावर कॉम्प्युटर चालवणारा माणूस, पगार महिन्याला सहा हजारांच्या आसपास. आणि २०१९ च्या सप्टेंबरात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बाई, मानधन महिन्याला पंधराशे रुपये. आमच्याकडे शाळेच्या खिचडीवर राबणाऱ्या बायका कमी नाहीत. त्यांनी तो भाग डोळ्यांत पाणी आणून पाहिला. बच्चन त्या बाईंशी ज्या आदराने बोलले, त्याची चर्चा एक कोटीपेक्षा जास्त दिवस चालली.

साता समुद्रापलीकडेही हेच. अमेरिकेत ‘जेपर्डी’ नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ आहे. १९८४ पासून तो ॲलेक्स ट्रेबेक घेत. २०२० च्या नोव्हेंबरात कर्करोगाने ते वारले. त्यांच्या जागी कोण, यावर तिथे जवळपास वर्षभर काथ्याकूट झाला, एकामागून एक पाहुणे बसवून पाहिले. शेवटी कार्यक्रमाच्याच एका निर्मात्याला नेमले. पण त्याची बायकांबद्दलची जुनी हिणकस बोलणी बाहेर आली आणि दहा-पंधरा दिवसांतच त्याला पायउतार व्हावे लागले. आता तिथे केन जेनिंग्ज बसतात. हा मनुष्य २००४ साली त्याच खेळात समोरच्या बाजूला उभा राहून सलग ७४ वेळा जिंकलेला. उत्तरे देणारा प्रश्न विचारणारा झाला. आम्हांला ही गोष्ट फार आवडली. का, ते पुढे कळेल.

आता आपल्या मराठी खुर्चीकडे येऊ, कारण आमच्या वाचकांच्या जिवाला लागलेली गोष्ट ती आहे. मराठीत हा खेळ २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने आला. सूत्रधार सचिन खेडेकर. शांत, भारदस्त, स्पष्ट बोलणारा नट. पुढे वाहिनीचे नाव बदलले, तेव्हाच्या पर्वाला स्वप्नील जोशी होते. आणि २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ सुरू झाले, तेव्हा खुर्चीत नागराज मंजुळे!

ही बातमी वस्तीत कशी आली ते आम्हांला चांगले आठवते. नागराज म्हणजे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. दगड फोडणाऱ्या वडार समाजात जन्मलेले. ‘फँड्री’ त्यांचा, ‘सैराट’ त्यांचा. पण सिनेमा काढणे वेगळे. सिनेमात माणूस पडद्यामागे असतो. इथे तो रोज रात्री घराघरांत, उजेडात, त्या मानाच्या खुर्चीत बसून मास्तरांना, डॉक्टरांना, वकिलांना प्रश्न विचारणार होता आणि ती मंडळी त्याला ‘सर’ म्हणणार होती. आमच्या पिढीने आयुष्यभर समोरच्या खुर्चीत बसून उत्तरे दिली. नाव काय, गाव कोणते, आडनाव काय, पूर्ण नाव सांगा. आडनावावर भुवई उंचावणाऱ्यांना उत्तरे दिली. प्रश्न विचारायच्या बाजूला आपला माणूस बसलेला आम्ही पाहिला नव्हता.

आणि ते बोलत कसे? आपल्यासारखे. जेऊरकडचा हेल न लपवता. आमच्या बहिणीची मुलगी तेव्हा परभणीला नर्सिंगचे शिकत होती. तिथे तिच्या बोलण्याला मैत्रिणी हसत, म्हणून ती घरीसुद्धा जपून जपून ‘शुद्ध’ बोलायला लागली होती. सुट्टीत आली असताना तिने ते भाग पाहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी ताईला म्हणाली, “आई, हे तर आपल्यावानीच बोलायलेत.” ताई म्हणाली, “मग? तुला काय वाटलं, टीव्हीवाल्याच्या तोंडात दुसरी जीभ असती?”

सगळ्यांनाच ते आवडले असे मात्र नाही, हेही लिहिले पाहिजे. आमच्या एका आप्पांचे म्हणणे, की करोडपतीच्या खुर्चीत दरारा पाहिजे. हा पोरगा शेजारी बसून गप्पा मारल्यासारखा विचारतो, त्यात छातीत धडधड होत नाही. कोणी म्हणाले, खेडेकरांचा उच्चार ऐकत राहावा असा. आप्पा आमचेच, नागराज आमचेच. पण आपला माणूस आहे म्हणून आवडलाच पाहिजे अशी सक्ती कोणी कोणावर करू नये, असे आमचे मत तेव्हाही होते.

ते एकच पर्व. कोरोनानंतर २०२१ मध्ये कार्यक्रम पुन्हा आला तेव्हा खुर्चीत सचिन खेडेकर परत आले होते. वस्तीतली तरुण पोरे खवळली. “आपला होता म्हणून काढला,” असे बोलणे सुरू झाले. आम्ही त्या पोरांना एवढेच विचारले, की पुरावा काय? बाबासाहेबांच्या लेकरांनी बोट दाखवण्याआधी कागद दाखवावा. खेडेकर काही उपरे नव्हते, मराठीतली ती खुर्ची पहिल्यांदा त्यांचीच होती. २०१० मध्ये बच्चन परतले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, मग २०२१ मध्ये खेडेकर परतले तर त्यांच्यावर राग कशाचा? डोक्याला हे पटत होते. मन मात्र त्या वर्षी टीव्हीपुढे फारसे बसले नाही, हे कबूल करतो. मामी २००७ मध्ये का उठल्या होत्या, ते तेव्हा थोडे कळले.

पुढे ४ मार्च २०२२ रोजी ‘झुंड’ आला. मराठी खुर्चीत बसून गेलेल्या नागराज यांनी हिंदी खुर्चीतल्या बच्चन यांना घेऊन काढलेला सिनेमा. त्यात जयंतीच्या प्रसंगी बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडून उभे आहेत. मामींना ते दृश्य आम्ही मोबाइलवर दाखवले. त्यांनी मोबाइल जवळ नेऊन दोनदा पाहिले.

त्याच वर्षी सप्टेंबरात झी मराठीवरचा ‘होम मिनिस्टर’ बंद झाला. २००४ पासून आदेश बांदेकर पैठणी घेऊन घरोघर फिरत होते आणि महाराष्ट्रभर सगळ्यांचे भावोजी झाले होते. तिथे वाहिनीने नवा भावोजी शोधण्याऐवजी दारच लावून घेतले. तोही एक मार्ग आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांत कॅमेरे कसे मावणार, आपल्याकडे भावोजी यायचे कसे, असे आमच्या बायका हसत म्हणायच्या, पण कार्यक्रम संपला तेव्हा हळहळल्या त्याही.

आता आमच्या विहारापुढची गोष्ट. २०२४ च्या पावसाळ्यात गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, जीभ मात्र जड झाली. बोललेले घरच्यांना कळते, बाहेरच्याला कळत नाही. २०२५ ची जयंती जवळ आली आणि उत्सव समितीच्या बैठकीत प्रश्न निघाला, की प्रश्नमंजुषेचे काय?

तीन मते पडली. काहींचे म्हणणे, परळीहून ऑर्केस्ट्राचा निवेदक आणू. त्याचा आवाज दणदणीत, तो बच्चन यांची हुबेहूब नक्कल करतो, हजार-दोन हजारांत येईल. दुसरे मत, गुरुजींचा मान म्हणून यंदा प्रश्नमंजुषा बंदच ठेवावी. सांगायला संकोच वाटतो, पण आम्ही या दुसऱ्या मताचे होतो. गुरुजींच्या खुर्चीत दुसरे कोणी पाहवणार नाही, असे आम्ही बैठकीत बोललोही. तिसरे मत बायकांचे. मागच्या बाजूला बसलेल्या ताईने उभे राहून विचारले, “गुरुजींनी चोवीस वर्षं पोरं तयार केली ती कशासाठी? नक्कल करणारा परळीहून आणायला?” बैठक गप्प झाली. ताईच्या मुलीने आठवीत असताना याच खुर्चीपुढे बसून शब्दकोश जिंकला होता. आता ती शिकून सरकारी दवाखान्यात नोकरीला लागली आहे. तिलाच विचारा, असे बायकांनी ठरवून टाकले.

पोरगी घाबरली. गुरुजींना विचारून येते म्हणाली. आम्ही तिच्याबरोबर गेलो. गुरुजी बाजेवर बसले होते. तिने विचारले, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गुरुजींनी सुनेला खूण केली. तिने फळीवरून पत्र्याची पेटी काढली. आत प्रश्नांच्या वह्या, वर्षवार, दोऱ्याने बांधलेल्या. गुरुजींनी वरची वही काढली आणि तिच्या हातात दिली. ती निम्मी कोरी होती.

१३ एप्रिलची रात्र. आता हॅलोजन नाही, एलईडीच्या माळा. लोखंडी खुर्च्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या. पांढरी साडी नेसलेली आमची भाची टेबलाशी बसली, आणि पहिला पाचवीतला मुलगा आला तेव्हा ती उठली, त्याची खुर्ची मागे घेतली आणि म्हणाली, “या. बसा.” पोरगे इतके बुजले की बसायचेच विसरले. गुरुजी कधी कोणाला ‘बसा’ म्हणाले नव्हते. “बस रे बाबा, पळून जाऊ नको,” असे त्यांचे असे. लोक थोडे चुळबुळले. पहिले दोन प्रश्न माइकच्या खरखरीत गेले. म्हाताऱ्या मामी पुढे बसल्या होत्या, त्या मोठ्याने म्हणाल्या, “पोरी, जरा वरडून बोल, मागं जात न्हाई.” तिने माइक बाजूला ठेवला आणि नुसत्या गळ्याने विचारू लागली. जमले.

चौथ्या प्रश्नाला एक मुलगी अडली. प्रश्न होता, मनुस्मृतीचे दहन कोणत्या तारखेला झाले. मुलगी साल बरोबर सांगत होती, तारखेवर थांबली. सगळीकडे शांतता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, जड जिभेने पण चांगल्या मोठ्या आवाजात उत्तर आले, “पं...चवीस डिसेंबर!” गुरुजींना राहवले नव्हते. अख्खी वस्ती हसली, सून त्यांचा हात दाबून गप्प करू लागली. भाचीने वहीतून मान वर केली, भुवया उंचावल्या आणि त्यांच्याकडे पाहून विचारले, “गुरुजी, लॉक करू का?”